ठेव गावाची, कर्ज कोणाला?

१६ सप्टेंबर १९३५ रोजी पुण्यात नोंदल्या गेलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रने २०२५ साली नव्वद वर्षे पूर्ण केली. मराठी माणसाला पैशाचा व्यवहार जमत नाही, असे म्हणण्याची ज्यांना हौस आहे त्यांनी या नव्वद वर्षांकडे एकदा डोळसपणे पाहावयास हवे. २०२४-२५ या वर्षात या बँकेला ५,५२० कोटी रुपयांचा निव्वळ नफा झाला, तिच्या ठेवी तीन लाख कोटींच्या पुढे गेल्या आणि थकलेल्या कर्जांचे निव्वळ प्रमाण ०.१८ टक्क्यांवर आले. हे आकडे अभिमान वाटावा असेच आहेत, याविषयी वाद नाही. प्रश्न निराळा आहे. जी बँक देशाने कायदा करून स्वतःच्या मालकीची केली, तिचा हिशेब केवळ नफ्याच्या रकान्यात मांडून भागेल काय?

हा प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि मुख्यतः कर्जरोखे बाहेर काढून जाळले. धान्य किंवा दागिने लुटण्यापेक्षा कागद जाळण्याकडे लोकांचा रोख होता, ही त्या दंग्यातील लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. पुढे न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकऱ्यांसाठी बँक काढण्याची योजना मांडली. हिंदुस्थान सरकारने ती उचलून धरली आणि इंग्लंडातील भारतमंत्र्यांनी ती बासनात बांधली. शेतकऱ्याला वेळेवर आणि रास्त व्याजाने पैसा मिळावा, ही विवंचना पुण्याच्या अर्थचिंतनात तेव्हापासून मुरलेली आहे.

महाराष्ट्र बँकेचे एक संस्थापक प्रा. वामन गोविंद काळे हे फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत असत. दुसरे संस्थापक द. का. साठे. दहा लाख रुपयांच्या अधिकृत भांडवलावर ही मंडळी उभी राहिली आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी बँकेचे काम सुरू झाले. रिझर्व्ह बँकेची स्थापनाही १९३५ चीच. त्या काळात मुंबईतील मोठा व्यवहार युरोपीय बँकांच्या आणि बड्या पेढ्यांच्या हाती असे. मध्यम कारखानदार, पुस्तकविक्रेता, कापडाचा किरकोळ व्यापारी यांना त्या दारात कोणी उभे करीत नसे. अशा लोकांच्या शेकड्यांतल्या ठेवी घेऊन त्यांनाच हजारांतली कर्जे देणारी ही बँक १९३८ मध्ये मुंबईस पोहोचली आणि १९४४ साली तिला अनुसूचित बँकेचा दर्जा मिळाला. प्राध्यापकाने काढलेली बँक बुडते, हा व्यापाऱ्यांचा लाडका सिद्धान्त तिने खोटा पाडला.

तथापि, बँका बुडत होत्या हेही खरे. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्याच वर्षी केरळातील पालाई सेंट्रल बँक बुडाली आणि हजारो घरांतील आयुष्यभराची शिल्लक एका नोटिशीने अडकून पडली. त्यातूनच १९६१ चा ठेवविम्याचा कायदा झाला. आरंभी विम्याचे संरक्षण होते दर ठेवीदारामागे अवघे १,५०० रुपये! आज ती मर्यादा पाच लाखांची आहे, आणि तिचे मोल कोणाला कळत नसेल तर त्याने पुण्यातील रुपी सहकारी बँकेच्या ठेवीदारांना विचारावे. २०१३ च्या फेब्रुवारीत त्या बँकेवर निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द होईपर्यंत निवृत्त शिक्षक नि कारकून हेलपाटे घालीत राहिले. ठेवीची सुरक्षितता ही अर्थशास्त्रातील एखादी उपपत्ती नाही. ती म्हाताऱ्या माणसाच्या औषधाची चिठ्ठी आहे.

१९ जुलै १९६९ रोजी वटहुकूम निघाला आणि पन्नास कोटी किंवा अधिक ठेवी असलेल्या चौदा बँका सरकारच्या मालकीच्या झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी १९७० रोजी तो कायदा अवैध ठरविला, चार दिवसांत दुसरा वटहुकूम निघाला आणि पुढे नवा कायदा झाला. या चौदांत महाराष्ट्र बँक होती. सातारची युनायटेड वेस्टर्न बँक आणि १९१६ साली निघालेली सांगली बँक या मात्र त्या रेषेच्या खाली असल्याने खासगी राहिल्या. पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. युनायटेड वेस्टर्नवर २००६ च्या सप्टेंबरात निर्बंध आले आणि महिनाभरात ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआय बँकेत मिसळली. साताऱ्याची नि सांगलीची म्हणून ओळखली जाणारी पाटी उतरली. पुण्याची मात्र राहिली. राष्ट्रीयीकरण हा केवळ राजकीय डाव होता असे म्हणणाऱ्यांनी ही तुलना जरूर करावी. अर्थात, त्यात राजकारण नव्हते असेही कोणी म्हणू नये. काँग्रेसमधील फुटीच्या ऐन धामधुमीत, मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखाते काढून घेतल्यावर तिसऱ्या दिवशी तो वटहुकूम निघाला होता.

परंतु राजकारण बाजूला ठेवले तरी राष्ट्रीयीकरणामागे एक सबळ कारण उरतेच. १९५१-५२ साली झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे दिसून आले होते की, शेतकऱ्याने काढलेल्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा ०.९ टक्के होता. शंभर रुपयांत एक रुपयाही नाही! सावकारांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या घरात होता. १९६९ च्या मध्यास देशात बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या आणि त्यांपैकी १,८३३ फक्त खेड्यांत होत्या. हे चित्र आपोआप बदलले असते, असे मानण्यास फार भाबडेपणा लागतो.

ते बदलण्याची रीत सुचविली तीही पुण्यातूनच. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यात विठ्ठलराव विखे पाटील यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले अर्थशास्त्रज्ञ. त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने ऑक्टोबर १९६९ मध्ये असे सांगितले की, पतपुरवठ्याचा विचार बँकेच्या सोयीने होऊ नये, क्षेत्राच्या गरजेने व्हावा. म्हणजे प्रत्येक जिल्हा एकेका बँकेने स्वतःचा मानावा, तेथे काय पिकते, काय विकते, कोणाला किती पैसा हवा याचा अभ्यास करावा आणि बाकीच्या बँकांना सोबत घ्यावे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अग्रणी बँक योजना सुरू झाली. महाराष्ट्र बँकेच्या वाट्याला आज पुणे, सातारा, नाशिक, ठाणे, पालघर, छत्रपती संभाजीनगर आणि जालना हे जिल्हे आहेत, आणि राज्यस्तरीय बँकर्स समितीचे निमंत्रकपदही तिच्याकडेच आहे. साखरेचा पट्टा, द्राक्षांचा पट्टा, आदिवासी डोंगर आणि मराठवाड्याचा कोरडा भाग इतके परस्परभिन्न मुलूख एकाच बँकेच्या अभ्यासाखाली यावेत, हा योग सामान्य नाही. २६ ऑगस्ट १९७६ रोजी तिने मराठवाडा ग्रामीण बँक पुरस्कृत केली. १ मे २०२५ पासून राज्यातील दोन ग्रामीण बँका मिळून एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आहे, तिचे पुरस्कर्तेपणही याच बँकेकडे आले आहे.

शाखांचा विस्तार तर विलक्षण झाला. शहरात एक शाखा काढायची तर बँक नसलेल्या गावांत चार काढा, असा नियम १९७७ ते १९९० पर्यंत होता. १९९० च्या सुमारास देशातील शाखा साठ हजारांच्या जवळ पोहोचल्या आणि त्यांपैकी सुमारे पस्तीस हजार ग्रामीण होत्या. शाळामास्तराच्या पगाराची पासबुके, दूध संघाची बिले, ऊसबिलाचे धनादेश हे सारे त्या शाखांतून फिरू लागले. ज्या घरात कधी कोणी बँकेची पायरी चढले नव्हते, त्या घरातील मुलगा त्याच बँकेत कारकून झाला. महाराष्ट्रातील एका पिढीच्या मध्यमवर्गीयत्वाचा पाया या नोकऱ्यांत आहे आणि त्याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही.

दोष झाले नाहीत काय? भरपूर झाले. ऐंशीच्या दशकात मंत्र्यांच्या उपस्थितीत कर्जमेळावे भरविण्यात आले. शाखाधिकाऱ्याने कर्जदाराचे तोंडही न पाहता त्याच्या नावाचा धनादेश मंडपात वाटला जाई. म्हैस कागदावर विकत घेतली जाई आणि तिचा मृत्यूही कागदावर होई. १९९० ची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जमाफी आली, नंतर २००८ ची केंद्राची, २०१७ आणि २०१९ ची राज्याची. अडलेल्याला दिलासा देणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. परंतु दर काही वर्षांनी माफी होणार अशी वाट पाहावयास लावल्याने नियमाने फेडणारा शेतकरी मूर्ख ठरतो आणि कर्ज देणारा अधिकारी हात आखडतो. या दोन्ही गोष्टी गावोगाव घडल्या आहेत.

मात्र एक भेद विसरता कामा नये. महाराष्ट्र बँक २०१७ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या सुधारणात्मक कारवाईखाली आली, मार्च २०१८ मध्ये तिची ढोबळ अनुत्पादक कर्जे साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास गेली, आणि २०१८-१९ मध्ये तिला सुमारे ४,७८४ कोटींचा तोटा झाला. हा खड्डा म्हशीच्या कर्जाने पडला नव्हता. त्या दशकात देशातील सर्वच सरकारी बँकांना ज्या कर्जांनी खाली ओढले, त्यांत मोठा भाग पोलाद, वीज, रस्ते, बांधकाम यांतील बड्या कंपन्यांचा होता. ते खड्डे बुजविण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये २.११ लाख कोटी रुपयांची भांडवल-योजना जाहीर केली आणि हा पैसा शेवटी करदात्यांचाच होता. कर्जमाफीवर दात-ओठ खाणारे अनेक विद्वान या पुनर्भांडवलाच्या वेळी मात्र मौनात गेले होते.

तेथून ही बँक सावरली, हे श्रेय तिच्या कर्मचाऱ्यांना आणि व्यवस्थापनाला दिलेच पाहिजे. ३१ जानेवारी २०१९ रोजी ती कारवाईतून बाहेर पडली, त्यानंतर २०१९-२० पासून नफ्यात राहिली, आणि दहा सरकारी बँका चारांत विलीन झाल्या त्या १ एप्रिल २०२० च्या मोठ्या घुसळणीतही स्वतंत्र उरली. आता प्रश्न आहे तो या यशाची जात कोणती, हा.

बँकेत आलेल्या शंभर रुपयांच्या ठेवीचे काय होते ते पाहावे. काही भाग रोख स्वरूपात रिझर्व्ह बँकेकडे जातो, किमान अठरा टक्के मुख्यतः सरकारी रोख्यांत जातो. उरलेल्यातून कर्जे दिली जातात आणि त्या कर्जांपैकी चाळीस टक्के अग्रक्रम क्षेत्राला, त्यातील अठरा टक्के शेतीला व दहा टक्के अल्प आणि सीमान्त शेतकऱ्याला मिळाले पाहिजेत, असा दंडक आहे. कागदावर यापेक्षा न्याय्य व्यवस्था शोधून सापडणार नाही. पण दंडकाला पळवाटा आहेत. सोने गहाण ठेवून शेतकऱ्याने उचललेली रक्कमही शेतीकर्जाच्या रकान्यात बसू शकते. अन्नप्रक्रियेच्या कारखान्याला दिलेली कोटींची रक्कमही त्याच व्यापक अग्रक्रमात मोजली जाते. उद्दिष्ट अपुरे राहिले तर तूट नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत निधीत भरता येते. आणि २०१६ पासून तर दुसऱ्या बँकेने केलेल्या अग्रक्रम कर्जवाटपाचे प्रमाणपत्र विकत घेण्याचीही सोय झाली आहे. पुण्य करणारा एक आणि पुण्याचा दाखला दुसऱ्याकडे, असा हा व्यवहार कायदेशीर आहे. त्याने देशाच्या बेरजेत फरक पडत नसेल. पण जालना जिल्ह्यातील एखाद्या गावाच्या बेरजेत पडतो, कारण तेथील ठेव तेथून उठून गेलेली असते आणि बदल्यात काहीच परतलेले नसते.

महाराष्ट्रात हा दोष अधिकच झाकला जातो. राज्याच्या ठेवींशी कर्जांचे प्रमाण काढले तर ते भरघोस दिसते, याचे कारण मुंबई. बड्या कंपन्यांची मुख्य कार्यालये तेथे, म्हणून त्यांची कर्जे तेथल्या खात्यांवर. मुंबईच्या सावलीत मराठवाड्याचे नि विदर्भाचे प्रमाण दिसेनासे होते. गाडगीळ गटाचा क्षेत्राचा विचार नेमका यासाठीच होता.

आणि शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर पीककर्जाचा व्यवहार अजून तारखेच्या फेऱ्यात अडकलेला आहे. खरिपाची पेरणी जूनमध्ये होते. सातबारा, आठ-अचा उतारा, आसपासच्या बँकांचे बेबाकी दाखले गोळा करता करता जुलै उजाडतो; तोवर बी-बियाणे उधारीवर आलेले असते. मुदतीत फेड करणाऱ्याला व्याजसवलत मिळते, म्हणून अनेक शेतकरी काही दिवसांसाठी खासगी सावकाराकडून पैसा घेतात, बँकेचे जुने कर्ज भरतात आणि नवे उचलून सावकाराला परत करतात. याला गावाकडे ‘नवे-जुने करणे’ म्हणतात. कागदावर ही वसुली शंभर टक्के दिसते, व्याजसवलतीचा हिशेबही जुळतो आणि मधल्या आठ-पंधरा दिवसांचे व्याज सावकाराच्या घरी जाते. सुप्याला रोखे जाळले गेले त्याला दीडशे वर्षे झाली. सावकार अजून बँकेच्या दाराशीच उभा आहे. पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका, असे मुख्यमंत्र्यांना बँकर्स समितीच्या बैठकीत वर्षामागून वर्षे बजावावे लागते, यातच खालच्या स्तरावरील अंमलबजावणीची कथा आली.

याचा दोष शाखेतील माणसावर टाकणे सोपे आहे आणि म्हणूनच तो नेहमी टाकला जातो. वास्तविक शाखाधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो. त्याला गाव कळू लागते तोवर त्याच्या हाती बदलीचा हुकूम असतो. त्याच्या कामाची मोजणी होते ती विमा किती विकला, गृहकर्ज किती दिले, किती खाती उघडली यावर. पंधरा-वीस गावे एका शाखेकडे सोपविणारी सेवाक्षेत्र पद्धत १९८९ मध्ये आली आणि २००४ च्या अखेरीस ती सैल करण्यात आली. तिच्यात कागदी घोडे पुष्कळ होते, हे मान्य. पण त्या निमित्ताने अधिकाऱ्याला आठवड्यातून एकदा गावात जाऊन पीक पाहावे लागे. आता ते काम संगणकावरील उताऱ्यावर आणि गावातील बँकमित्रावर आले आहे. मोबाइलवरून पैसे पाठविणे सुलभ झाले ही मोठीच सुधारणा होय. परंतु मोबाइल पैसे हलवितो, कर्ज कोणाला द्यावे याचा विवेक देत नाही.

तेव्हा करावयाचे काय? बँकेची मालकी हा यापुढील वादाचा विषय असणार. २०२१ च्या अर्थसंकल्पात दोन सरकारी बँकांच्या खासगीकरणाची घोषणा झाली, तेव्हा वृत्तपत्रांत आलेल्या नावांत महाराष्ट्र बँकेचेही नाव होते. नोंदणीकृत कंपनीत जनतेचा हिस्सा किमान पंचवीस टक्के हवा, हा सेबीचा नियम पाळण्यासाठी भाग विकले जाणे समजण्यासारखे आहे. १९७० च्या कायद्यानुसार सरकारचा वाटा एक्कावन्न टक्क्यांखाली जाता कामा नये. ही रेषा पुसावयाची असेल तर ती संसदेत, उघड चर्चा करूनच पुसावी लागेल. त्या चर्चेत नफा किती हा प्रश्न कोणीतरी विचारीलच. जिल्ह्याचे काय, हा प्रश्न विचारण्याचे काम महाराष्ट्रातील खासदारांचे आहे, आणि आजवर त्यांनी ते फारशा उत्साहाने केलेले नाही.

मालकीचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. अग्रणी जिल्ह्यांत प्रत्येक शाखेने दर तिमाहीस आपल्या ठेवी किती, त्यातून त्याच तालुक्यात दिलेली कर्जे किती, त्यांत अल्प आणि सीमान्त शेतकऱ्याचा वाटा किती आणि खरिपाचे किती अर्ज १५ जूनपूर्वी मंजूर झाले, हे चार आकडे मराठीत फलकावर लावावेत. याला नवा कायदा लागत नाही. सोने तारण असलेली कर्जे त्यातून वेगळी दाखवावीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीत आज बँका आणि सरकारी खाती समोरासमोर बसून वार्षिक पतआराखडा संमत करतात. तेथे बँकांनी सोडलेल्या तालुक्यांची यादी वाचून दाखवावी आणि ती कार्यवृत्तात नोंदवावी. शाखाधिकाऱ्याच्या मूल्यमापनात विम्याच्या हप्त्यांइतकेच गुण या चार आकड्यांना द्यावेत. नफ्याच्या आड यापैकी काहीही येत नाही. ०.१८ टक्के थकबाकीची बँक इतकी जोखीम सहज पेलू शकते, आणि राज्यस्तरीय समितीचे निमंत्रकपद जिच्याकडे आहे त्या बँकेने हा फलक पहिल्यांदा आपल्याच शाखांत लावावा, एवढे सांगण्याचा अधिकार तिच्या प्रत्येक ठेवीदाराला आहे.